चंद्रावरून परतीची वाट



आजचा माझा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींजणांस हंसूं येईल. पेन्शन घेऊन घरीं बसलेल्या शाळामास्तरानें व्याकरणाविषयीं बोलावें, फार तर मुलांच्या शिस्तीविषयीं बोलावें; चंद्रावरून पृथ्वीवर यान कसें आणावें ह्याची उठाठेव त्यानें कां करावी? माझें शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलेलें नाहीं, हेंही आरंभींच सांगून टाकतों. परंतु ज्या गणिताच्या आधारानें हा प्रवास होतो, त्याचा बराच भाग वजाबाकी, वर्गमूळ आणि त्रैराशिक ह्यांच्या आटोक्यांत आहे. आणि उरलेला भाग करून दाखविणारा संगणक आतां मध्यम स्थितींतील घरांतूनही मेजावर बसलेला असतो.

ह्या संगणकावर चालणारा 'ऑर्बिटर' नांवाचा एक सिम्युलेटर आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील मार्टिन श्वायगर ह्यांनीं तो इ. स. २००० मध्यें प्रथम प्रसिद्ध केला, विनामूल्य वांटला, आणि २०२१ मध्यें त्याची अंतर्गत रचनाही सर्वांस खुली करून दिली. त्यांत शत्रु नाहींत, बंदुका नाहींत, जिंकल्याचा नगारा नाहीं. सूर्य, पृथ्वी, चंद्र आणि ग्रह पडद्यावर आपापल्या गतीनें फिरत असतात, गुरुत्वाकर्षणाचा नियम सर्वांस सारखा लागू असतो, आणि आपल्या हातीं एक यान दिलेलें असतें. भातुकलींत भात लटका असतो. येथें यान लटकें आहे. पण गणित खरें आहे.

चंद्रावर जाण्याचें कौतुक सर्वांस असतें, परत येण्याचें कोणास नसतें. गड चढून आलेला मनुष्य माथ्यावरील देखाव्याचें वर्णन रंगून करतो. उतरतांना कोणत्या दगडावर पाय दिला हें कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः माणसें घसरतात तीं बहुधा उतरतांनाच. सिम्युलेटर हाताळणाऱ्या मंडळींचेंही असेंच आहे. जाण्याचा मार्ग आंखतांना जी सावधगिरी ठेवतात, ती परततांना ठेवीत नाहींत. कारण पृथ्वी मोठी, डोळ्यांसमोर दिसणारी, आणि तिच्याकडे "पडावयाचें" एवढेंच काम, अशी समजूत असते.

माझी नात आठव्या इयत्तेंत आहे. चंद्राभोवतीं फिरणाऱ्या यानाच्या खिडकींतून निळी पृथ्वी दिसूं लागली, तेव्हां ती म्हणाली, "आजोबा, पृथ्वी ही काय समोर आहे! यानाचें तोंड तिच्याकडे करायचें आणि एंजिन चालू करायचें. झालें!" मीं तिला तसें करूं दिलें. यान चंद्रापासून सुटलें, पृथ्वीकडे निघालें, आणि पृथ्वीपासून सुमारें दोन लक्ष किलोमीटर अंतरावरून वळसा घालून पुन्हां दूर जाऊं लागलें. "आजोबा, त्याला कोणी ढकललें?" असें तिनें विचारलें.

त्याला चंद्रानें ढकललें. चंद्र स्वतः पृथ्वीभोवतीं सेकंदास सुमारें १.०२ किलोमीटर वेगानें आडवा धांवत आहे, आणि त्याच्याजवळ असलेली प्रत्येक वस्तु हा वेग अंगीं बाळगून असते. धांवत्या आगगाडींतून फलाटावर उभ्या असलेल्या माणसाच्या रोखानें पेरू फेंकला, तर तो त्याच्या हातीं न पडतां पुढच्या खांबावर आपटतो. हाताची दिशा बरोबर असते; पण गाडीचा वेग पेरूबरोबर गेलेला असतो. तद्वत् पृथ्वीच्या रोखानें एंजिन चालविलें तरी चंद्राचा आडवा वेग यानास सोडीत नाहीं, आणि तो आहे तोंपर्यंत यान पृथ्वीच्या जवळपासही फिरकत नाहीं.

ह्याचें एक उदाहरण आपल्याच देशांतलें आहे. चंद्रयान-३ नें आपलें उतरणारें यान २०२३ सालच्या ऑगस्टमध्यें चंद्रावर पोंचविलें. त्याला वाहून नेणारा जो प्रेरक भाग चंद्राभोवतीं फिरत राहिला होता, त्यांत इंधन शिल्लक होतें. तेव्हां १३ ऑक्टोबर २०२३ रोजीं इस्रोच्या शास्त्रज्ञांनीं त्याला पृथ्वीकडे परत फिरविलें. २२ नोव्हेंबर रोजीं तो पृथ्वीला प्रथम जवळून ओलांडून गेला, आणि ही "जवळीक" होती १ लक्ष ५४ हजार किलोमीटरांची. त्याला जमिनीवर उतरवावयाचें नव्हतेंच, सबब ह्यांत कांहीं उणें झालें असें नाहीं. मात्र चंद्र सोडणें आणि घरीं पोंचणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें त्यावरून चांगलें दिसतें.

तर मग काय करावें? गाडींतून फेंकलेला पेरू फलाटावरील माणसाच्या पायाशीं पडावा असें वाटत असेल, तर तो गाडीच्या उलट दिशेनें फेंकला पाहिजे. चंद्राच्या अंतरावरून निघून पृथ्वीच्या वातावरणास शिवणारें लंबवर्तुळ आंखलें, तर त्याच्या दूरच्या टोंकाशीं आडवा वेग सेकंदास सुमारें ०.१९ किलोमीटर एवढाच चालतो. १.०२ मधून ०.१९ वजा जातां राहिले ०.८३. हे ०.८३ किलोमीटर टाकून देणें, ह्याचेंच नांव परतीचा प्रवास. चंद्र ज्या दिशेस धांवत आहे तिच्या पाठीमागच्या बाजूनें, चंद्राच्या सापेक्ष एवढ्या वेगानें यान निघालें, म्हणजे पृथ्वी त्याला आपोआप खालीं ओढून घेते. पुढें जाण्यासाठीं मागें फेंकावयाचें, हें एकदां मनांत ठसलें कीं अर्धा विषय संपला.

आतां हिशेबांतली मौज पाहा. चंद्राच्या पृष्ठभागापासून १०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या यानाचा वेग सेकंदास १.६३ किलोमीटर असतो. त्या उंचीवरून चंद्राच्या ओढींतून केवळ सुटावयाचें तर २.३१ पाहिजे, म्हणजे भर ०.६८ ची. सुटून गेल्यावर वर सांगितलेले ०.८३ निराळे खर्च करूं असें कोणी म्हणेल, तर एकंदर खर्च १.५१ झाला. परंतु दोन्हीं कामें चंद्राजवळच एका दमांत केलीं तर? येथें वेगांची बेरीज साधी होत नाहीं. काटकोन त्रिकोणाच्या बाजूंप्रमाणें वर्गांची होते. २.३१ चा वर्ग आणि ०.८३ चा वर्ग मिळवून वर्गमूळ काढलें कीं सुमारें २.४५ येतात. त्यांतून १.६३ वजा केले कीं राहिले ०.८२. नुसतें सुटण्यास ०.६८ लागत होते. त्यांवर अवघे ०.१४ अधिक खर्च केले, आणि पदरांत ०.८३ पडले. एवढी सवलत वाण्याच्या दुकानांतही मिळत नाहीं. चंद्राच्या अगदीं निकट, वेग सर्वांत जास्त असतांना एंजिन चालवावें, असें सर्व जाणते सांगतात त्याचें कारण हें आहे.

हें एंजिन कोठें चालवावें, हेंही ठरलेलें असतें. चंद्राजवळून निघालेला मार्ग सरळ नसतो. चंद्राची ओढ त्याला वांकवीत नेते. म्हणून जेथून शेवटीं बाहेर पडावयाचें, त्याच्या बऱ्याच अलीकडे, शंभराहून अधिक अंश आधीं, जोर लावावा लागतो. अपोलोचीं यानें चंद्राभोवतीं ज्या दिशेनें फिरत होतीं, त्या दिशेनें फिरत असतां हें स्थळ चंद्राच्या पाठीमागें येतें. तेथून पृथ्वी दिसत नाहीं, आणि पृथ्वीचा शब्दही पोंचत नाहीं. २५ डिसेंबर १९६८ रोजीं अपोलो-८ मधील बोरमन, लव्हेल आणि अँडर्स ह्यांनीं परतीसाठीं एंजिन चालविलें, तें ह्याच आडोशास. तें पेटलें कीं नाहीं, हें यान चंद्राच्या कडेवरून बाहेर येईपर्यंत पृथ्वीवरील कोणासही कळण्याचा मार्ग नव्हता. माझ्या नातीला हा प्रसंग सांगितल्यापासून ती त्या क्षणीं खोलींतला दिवा मालवते. तिचें म्हणणें, पृथ्वी दिसत नसतांना दिवा कशाला?

येथपर्यंतचें काम समजुतीचें झालें. ह्यापुढचें काम मात्र अचूकपणाचें आहे.

चंद्रावरून आलेलें यान सेकंदास ११ किलोमीटर वेगानें वातावरणांत शिरतें. त्याला थांबविण्याइतकें इंधन बरोबर नसतें. थांबविण्याचें काम हवेकडूनच करून घ्यावयाचें असतें. मार्ग फार उथळ असला, तर वरवरची विरळ हवा त्याला पुरेशी अडवूं शकत नाहीं आणि यान पुन्हां बाहेर निसटतें. फार खोल असला, तर घट्ट हवेंत तें एकदम शिरतें, आणि धक्का व उष्णता आंतील माणसांस सोसत नाहीं. पृथ्वीस अत्यंत जवळचा जो बिंदु, ज्यास आपले ज्योतिषी नीच आणि आधुनिक पुस्तकें उपभू म्हणतात, तो हवा नाहीं असें धरून जमिनीपासून सुमारें ४० किलोमीटर उंचीवर आला पाहिजे. अपोलोसारख्या यानास ह्यांत वरखालीं मिळून साधारण ५० किलोमीटरांची मोकळीक असे. पावणेचार लक्ष किलोमीटर चालून यावयाचें, आणि दार अवघ्या ५० किलोमीटर रुंदीचें!

ह्या दाराच्या मानानें आपल्या हाताचें माप काय आहे तें पाहूं. चंद्राच्या अंतरावर यानाच्या आडव्या वेगांत सेकंदास एक मीटरचा फरक पडला, तर पृथ्वीजवळचा उपभू सुमारें ७० किलोमीटरांनीं सरकतो. सेकंदास एक मीटर म्हणजे सायंकाळीं काठी टेकीत फिरावयास निघालेल्या माझ्यासारख्या मनुष्याची चाल. तेवढ्यानें दार चुकतें. आणि वर जी सवलत सांगितली, तीच येथें उलटते. चंद्राजवळ ०.१४ देऊन ०.८३ मिळाले; पण तेथें केलेली चूकही तशीच वाढून येते. एंजिन बंद करतांना एक मीटर अधिक झाला, तर चंद्रापासून दूर गेल्यावर त्याचे तीन झालेले असतात, आणि पृथ्वीपाशीं त्यांचे २०० किलोमीटर होतात.

म्हणून कितीही चांगला बेत आंखला तरी वाटेंत दुरुस्ती करावीच लागते. ती केव्हां करावी? हिशेब सोपा आहे. एक मीटरच्या दुरुस्तीचा परिणाम पृथ्वीपासूनच्या अंतराच्या प्रमाणांत असतो. चंद्राच्या अंतरावर ती ७० किलोमीटरांचें काम करते, दोन लक्ष किलोमीटरांवर ३६ चें, आणि पन्नास हजारांवर केवळ ९ चें. लवकर केलेली दुरुस्ती स्वस्त पडते. मग अगदीं आरंभींच कां करूं नये? कारण खऱ्या प्रवासांत आपण नक्की कोठें आहों आणि किती वेगानें चाललों आहों, हें आरंभीं पुरतें ठाऊक नसतें; तें जसजसें मोजावें तसतसें स्पष्ट होतें. चूक नीट दिसावी म्हणून थांबावें, तर दुरुस्ती महाग होते. स्वस्तांत उरकावी, तर काय दुरुस्त करावयाचें हेंच धड दिसत नाहीं. ह्या ओढाताणींत खऱ्या नाविकाचें कौशल्य आहे, आणि सिम्युलेटरचा उणेपणाही येथेंच आहे. त्याच्या पडद्यावर यानाचें स्थान व वेग अचूक लिहिलेले असतात. खऱ्या नाविकास असा पडदा कोणी देत नाहीं.

१९७० सालच्या एप्रिलमध्यें अपोलो-१३ वर काय ओढवलें, हें आपणांस ठाऊक असेल. प्राणवायूची टांकी फुटली, मुख्य यान निकामी झालें, आणि लव्हेल, स्विगर्ट व हेझ हे तिघे चंद्रावर उतरण्यासाठीं आणलेल्या लहान यानाच्या आसऱ्यानें परत निघाले. त्यांचा परतीचा मार्ग एंजिन चालवून नीट बसविलेला होता. तरी पुढील तपासांत तो हळूहळू उथळ होत आहे असें आढळलें. कोणीतरी यानास अगदीं मंदपणें ढकलीत होतें. हा ढकलणारा निघाला त्या लहान यानांतील थंडाव्याचें यंत्र. त्यांतून पाण्याची जी वाफ बाहेर सुटत होती, तिचा नेट तासन् तास सांचत गेला आणि मार्ग दारापासून सरकूं लागला. वीज वांचविण्यासाठीं दिशादर्शक यंत्र बंद ठेवलेलें. तेव्हां खिडकींतून दिसणाऱ्या पृथ्वीवरील दिवस आणि रात्र ह्यांच्या सीमारेषेवर रोख धरून त्यांनीं १४ सेकंद एंजिन चालविलें. १७ एप्रिल रोजीं तिघेही पॅसिफिक महासागरांत सुखरूप उतरले. चहाच्या किटलींतून निघते तसली वाफ, आणि तिघांचे प्राण! सेकंदास एक-दोन मीटरांचा काय तो बाऊ, असें पुन्हां कोणी म्हणूं नये.

आतां बेत आंखण्याच्या रीतीविषयीं थोडें. ऑर्बिटरमध्यें 'ट्रान्सएक्स' नांवाचा एक पडदा आहे. त्यांत निघण्याची वेळ आणि वेगाचे तीन आंकडे — मार्गाच्या दिशेनें, बाहेरच्या दिशेनें आणि मार्गाच्या पातळीबाहेर — भरावयाचे असतात. भरतांच पुढचें लंबवर्तुळ आंखून दाखविलें जातें. नवशिके निघण्याच्या टोंकाकडून आरंभ करतात. माझा आग्रह असा कीं, भूमितीच्या कठीण कृतींत आपण आकृति पुरी झाली असें मानून मागें येतों, तसेंच येथें करावें. प्रथम उपभूची उंची. मग पोंचण्याची वेळ. कारण पृथ्वी तासास १५ अंश फिरते, आणि एक तास मागेंपुढें झाला तर विषुववृत्तावर उतरण्याची जागा सुमारें १,६७० किलोमीटरांनीं बदलते. समुद्र नेमला होता तेथें पर्वत येतो. त्यानंतर प्रवासाचे दिवस. अगदीं काटकसरीनें आल्यास पांच दिवस लागतात. अपोलोचे प्रवासी अधिक इंधन खर्चून सुमारें तीन दिवसांत येत असत. आणि सर्वांच्या शेवटीं, चंद्रामागें एंजिन किती वाजतां पेटवावयाचें तें.

हे पांच दिवस कसे जातात, तेंही ऐकण्यासारखें आहे. चंद्राची ओढ बाजूस ठेवून हिशेब केला, तर पहिल्या अडीच दिवसांत यान एकंदर अंतराचा सहावा हिस्साच काय तो कापतें. तें रखडत आहे असेंच वाटतें. शेवटचे एक लक्ष किलोमीटर मात्र तें आठ तासांत संपवितें. सिम्युलेटरमध्यें काळ शंभरपट, हजारपट, लक्षपटही पळविण्याची सोय आहे, आणि मुलें ती सोय मनमुराद वापरतात. रखडणाऱ्या दिवसांसाठीं ती वापरावी; शेवटच्या आठ तासांत हात आंवरावा. त्या वेळीं पृथ्वी वाढूं लागते, आणि लक्षपटीच्या चालींत तर ते आठ तास पापणी लवते न लवते तोंच संपतात.

वातावरणांत चुकीच्या कोनानें शिरलें म्हणून ऑर्बिटर यान सहसा जाळीत नाहीं. ज्वाळा दाखवितो आणि सोडून देतो. मला ही ढिलाई पसंत नाहीं. आमच्या घरीं आम्ही परीक्षेचे गुण ठेवले आहेत. उपभू १५ ते ६५ किलोमीटरांमध्यें आला तर उत्तीर्ण. बाहेर गेला तर, यान पडद्यावर कितीही ऐटींत उतरलें तरी, नापास. वाटेंतील दुरुस्तीला जितके मीटर लागतील तितके गुण वजा. नात ह्या वजाबाकीवर फार चिडते. परंतु गेल्या महिन्यांत तिनें ५२ किलोमीटरांवर यान आणलें, तेव्हां ती आईला सांगावयास उठून गेली नाहीं. तशीच बसून राहिली, आणि हेंच पुन्हां तीन दिवसांच्या मार्गानें जमेल का, असें तिनें विचारलें.

ज्यांना हा पडदा आणि हे आंकडे नकोत, त्यांच्यासाठीं परतीची एक अगदीं सरळ वाटही आहे, आणि ती खरोखर वापरलेली आहे. रशियनांचें लूना-१६ हें निर्मनुष्य यान सप्टेंबर १९७० मध्यें चंद्रावर उतरलें, आणि १०१ ग्रॅम माती घेऊन त्याचा वरचा भाग सरळ उभा, सेकंदास सुमारें २.७ किलोमीटर वेगानें उडाला. चंद्राभोवतीं फेरी नाहीं, वाटेंत दुरुस्ती नाहीं. २४ सप्टेंबर रोजीं तो कझाकस्तानांत येऊन पडला. ह्यांतील युक्ति जागा निवडण्यांत होती. चंद्राच्या विषुववृत्ताजवळ, ५६ अंश पूर्व रेखांशावर, 'सरळ वर' ही दिशा अर्धीमुर्धी पृथ्वीकडे आणि अर्धीमुर्धी चंद्राच्या धांवेच्या उलट असते. वेगाच्या एका भागानें चंद्राचे १.०२ किलोमीटर जवळजवळ फेडून टाकले, आणि दुसऱ्यानें यान पृथ्वीकडे लोटलें. मातीच्या गोळ्यास ५० किलोमीटरांचें नाजूक दार लागत नाहीं. तो खोल शिरला आणि मनुष्य वांचणार नाहीं असे धक्के त्याला बसले, तरी मातीची तक्रार नसते.

आपल्या देशानेंही चंद्रावरील माती आणण्याचें मनांत घेतलें आहे. चंद्रयान-४ ह्या योजनेस केंद्र सरकारनें सप्टेंबर २०२४ मध्यें मान्यता दिली. तिच्या निमित्तानें हा सर्व हिशेब कोणी तरी खऱ्या यानासाठीं मांडीलच.

लूना-१६ जेथून उडालें ती जागा पाहण्यास दुर्बीण लागत नाहीं. येत्या शुक्ल पंचमीस दिवेलागणीच्या सुमारास गच्चीवर जावें. कोर पश्चिमेस असेल. जेथें ती सर्वांत जाड दिसते तेथें, तिच्या जाडीच्या मध्यापासून किंचित् उजळ कडेकडे नजर ठेवावी. त्या उजळ कडेच्या बाजूस चंद्राची पाठ आहे. तिच्या उलट बाजूस, आकाशांत पूर्वेकडे, तो धांवत चाललेला असतो.